हातगाडीवरची हजेरी

घाटकोपरला आमचे हे काचेच्या कारखान्यात होते. एकदा तिथे कोळसाच आला नाही. भट्टी विझली आणि गेटवर कागद लागला: काम बंद, कामगारांना ले-ऑफ. हे घरी आले, चपला काढल्या नि म्हणाले, "सुट्टी!" दोन दिवस नुसते घोरले.

तिसऱ्या दिवशी युनियनचे भाऊ दारातूनच ओरडले. "झोपताय काय! नवा कायदा आलाय. काम नसलं तरी अर्धा पगार मिळतो. पण रोज भोंग्याला गेटवर जायचं, कामाला हजर आहे म्हणायचं, मस्टरवर सही करायची. ज्या दिवशी दांडी, त्या दिवसाचे पैसे बुडाले."

मी विचारलं, "म्हणजे काम नाही हे माहीत असून काम मागायला जायचं?"

"हो वहिनी."

"आणि ते नाही म्हणणार?"

"नाही म्हणाले तरच पैसे."

ज्याने हा कायदा केला त्याला माझा कोपरापासून नमस्कार! पण घरात खाणारी चार तोंडं. मी ह्यांना रोज पहाटे उठवून पिटाळायला लागले. सही करून आठाला माणूस परत, मग दिवसभर करायचं काय? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. चांगला चालणारा स्टो खोलला, तो पुन्हा पेटलाच नाही. सतराव्या दिवशी शेजाऱ्यांना म्हणाले, "गावाक मी माडार सरसर चढत असंय!" आणि चाळीमागच्या माडावर चढले की हो! चढले सरसरच. उतरले त्याहून लवकर. पायाचा भोपळा झाला.

सकाळी म्हणाले, "आज ऱ्हवांदे गो."

"नाव काढू नका!" मी भाजीवाल्याची हातगाडी आणली, ह्यांना वर घातलं आणि ढकलत निघाले. लाजेने ह्यांनी तोंडावर पंचा ओढून घेतला. नाक्यावर पानवाल्याने हात जोडले, तसे पंचाखालून ओरडले, "अरे, जिवंत आसंय मी!" हसून हसून माझ्या हातून गाडी सुटायची बाकी होती.

गेटवर मी बजावलं, "पाय झाका. लंगडा माणूस हजर धरणार नाहीत." हे उठून बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कामाला हजर! एकदम ठणठणीत!"

टाइमकीपरने मान वर केली. "बरं झालं. काल रात्री कोळसा आला. चला आत."

वाट लागली! नाही म्हणावं तर मिळायचे ते पैसेही गेले, वर नोकरीवर गदा. मी काही बोलणार, तोवर ह्यांनी चांगला पाय खाली टेकवला आणि लंगडी घालत निघालेसुद्धा. गेटाच्या आत पोचल्यावर वळले. घामाघूम झाले होते, पण तोंडभर हसत होते.

"अगो, माझो डबो खंय?"

अठरा दिवसांत माणसाने डबा मागितला नव्हता. मला तिथेच रडू फुटलं. हातगाडी गेटवर टाकली आणि मी भाकऱ्या थापायला घराकडे धावत सुटले.