नंबर खोडू नकोस

सुधीरला माझ्यापेक्षा जवळचा मित्र अख्ख्या भोसरीत नव्हता. तो गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं, तेही कारखान्यात आमच्या शॉपच्या कॉम्प्युटरवर त्यानं बनवून दिलेलं पान उघडेना म्हणून मी त्याला फोन लावला तेव्हा. उचलला वहिनींनी. "भावजी, ते गेले," एवढंच म्हणाल्या... आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठं?" असला मी शहाणा. पान उघडत नव्हतं कारण नेटची वायर निघाली होती, हे नंतर कळलं.

आमचे बाप एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. सुधीर शिकला, हिंजवडीत कॉम्प्युटरवाला झाला. मला सातवीत मास्तर कंटाळले आणि मास्तरांना मी, म्हणून लेथवर आलो, तिथून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. ड्रॉइंग मला आजही धड वाचता येत नाही. हे शॉपमध्ये कुणाला माहीत नव्हतं, सुधीरला होतं. एका रविवारी स्वतःहून येऊन बसला. शॉपच्या कॉम्प्युटरवर काही बसवायची परवानगी नाही, म्हणून नुसतं ब्राउझरमध्ये उघडेल असं पान त्यानं बनवलं. ड्रॉइंगवरचे आकडे टाकले की जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचा पार्ट, पडद्यावर गोल फिरून दिसायचा.

"एवढ्याशा फाइलीत हे मावलं कसं?" मी विचारलं.

"मावलं नाही रे. चित्र काढणारं पॅकेज दुसऱ्या कुणी लिहून नेटवर ठेवलंय. पान उघडलं की त्यातला लोडर ते नेटवरून मागवून आणतो. तुमच्या टूलरूमसारखं, चिठ्ठी पाठवायची, हत्यार येतं. फक्त चिठ्ठीवरचा हा पॅकेजच्या व्हर्जनचा नंबर खोडू नकोस. नंबर असला की ठरलेलंच पॅकेज येतं. खोडलास तर सगळ्यात नवं येईल, आणि त्याचं आपल्या पानाशी पटेलच असं नाही."

मी मान डोलावली. मान डोलवायला शाळा लागत नाही.

आता आमची शॉपची सवय अशी, की टूल जुनं झालं की बदलायचं, नाहीतर जॉब खराब. एक दिवस नव्या सुपरवायझरसमोर शायनिंग मारत मी ती फाइल उघडली. "जुनं पॅकेज चालवतोय राव, थांबा, ताजं मागवतो," म्हणलं आणि नंबर खोडला. पान पांढरंफटक. जॉब मशीनवर अर्धा. नंबर काय होता, ते कुणाला आठवतंय! सुधीर दवाखान्यात आहे हे मला माहीत होतं... तरी फोन लावला. तो हसला, मग खोकत राहिला, बराच वेळ. मी आपला "लवकर सांग ना भावा, साहेब उभाय" म्हणतोय. एक आकडा सांगायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. मग टिंब. मग पुढचा आकडा. पान चालू झालं. "झालं बघ!" म्हणून मी फोन ठेवला. कसा आहेस, हे विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, सुचलंच नाही. तेच आमचं शेवटचं बोलणं.

सुधीरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रहाटणीला त्यांच्या घरी गेलो. लोक दोन-दोन शब्द बोलत होते, मीपण उठलो. दोस्तीचे किस्से सांगितले, लोकांना हसवलं, डोळे पुसले. निघताना वहिनींना म्हणलं, "कायपण लागलं तर हक्कानं हाक मारा, मी आहे."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, दोन महिने ते खाटेवर होते. तुमचा एक फोन आला, तो पानासाठी. आमचं आम्ही बघू. तुम्ही पानासाठी दुसरा कुणीतरी शोधा."