जनुकांवरचे संस्कार

गुरुजींनी रक्त परत मागितलं.

त्यांचंच रक्त. मी काढलेलं. काशीतल्या बालाजी घाटावरच्या त्यांच्या घरात, बैठकीत, खिडकीजवळ बसून. शीर बारीक होती, पण एका टोचण्यात सापडली. नळी माझ्या हातात होती, अजून कोमट. रक्त गोठू नये म्हणून मी ती हलकेच उलटीसुलटी करत होते. गुरुजी खुशीत होते. मराठी बोलणारी शास्त्रज्ञ मुलगी घरी आली म्हणून सुनेला आतून बोलावून दाखवलं, "बघ, आपली मुलगी!" मग सहज विचारलं, "बेटी, आडनाव काय म्हणालीस?"

मी अजून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

सून आत गेली. गुरुजींनी दंडावरचा कापूस काढून टाकला आणि हात पुढे केला. "नळी दे इकडे."

मला वाटलं, बघायची असेल. "गुरुजी, ही लॅबमध्ये न्यायची आहे."

"माझं आहे ना ते? मग दे."

शेजारी आमचे सर बसले होते. या प्रोजेक्टचे प्रमुख. जन्म रामघाटाच्या गल्लीतला, कित्येक पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरातला. मी त्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता बोलतील. बोलले. मलाच बोलले. "देऊन टाक. सहभाग मागे घेणं हा त्यांचा हक्क आहे. एथिक्समध्येच आहे तसं."

एथिक्स! काय शब्द सापडला बाप्पा!

मी नळी दिली. गुरुजींच्या मुलानं ती कागदात धरून घेतली, माझ्या बोटांचा स्पर्श टाळून, आणि पायऱ्या उतरून गंगेत सोडून आला. प्लास्टिकची नळी, झाकणासकट. आमच्या लॅबमध्ये रक्ताची नळी साध्या कचऱ्यात पडली तर सर अख्खा मजला डोक्यावर घेतात. त्या दिवशी सर चहा पीत होते.

गल्लीत आल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"अगं, जुने लोक आहेत. बवाल कशाला? पुढच्या घरात देशमुख सांग. देशमुख काय, सगळ्यांत असतात."

देशमुख सगळ्यांत असतात. हा तोडगा मराठी माणसालाच सुचू शकतो. जोशी सांगितलं तर सरळ खोटं. देशमुख म्हणजे कसं, समोरच्यानं आपापल्या सोयीचं समजून घ्यावं. कुणाचा विटाळ नाही, कुणाचं पाप नाही. माझं नाव तेवढं गेलं.

मी नागपूरची. बाबा रेल्वेत गँगमन होते, रुळांवर राबले. मी पीएच.डी. झाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं, आडनावासकट, आणि आई त्या फळ्याखाली उभी राहून सगळ्यांना पेढे वाटत होती. तेच आडनाव काशीत आल्यावर लपवण्याजोगं झालं. शिकले किती, याला काही किंमतच नाही का?

दुसऱ्या घरी काकूंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सर बोलले, "देशमुख. नागपूरच्या." झालं! काकूंचा चेहरा फुलला. पोहे आले, वर ओलं खोबरं. "खा गं, किती वाळली आहेस. इथे तुझं कोण आहे? एकटी नको राहूस, येत जा." पाठीवरून हात फिरवला त्यांनी. बाई मनानं चांगली, यात शंका नाही. म्हणूनच जास्त राग आला. तो हात माझ्या पाठीवर नव्हताच. तो देशमुखांच्या मुलीच्या पाठीवर होता.

घरी आल्यावर आईला फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, निभावून घे. आई म्हणाली, "त्याले तुह्यं नाव बदलाचा हक कोनं देल्ला वो?"

कुणीच दिला नव्हता. त्यांनी घेतला होता.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डीएनएची अक्षरं जन्मभर बहुतेक तीच राहतात. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा पडत जातात. कुठला जीन चालू राहील, कुठला बंद होईल, यात त्या खुणांचा हात असतो. त्या वाचल्या की अंदाज येतो, माणूस कागदावर साठीचा असला तरी शरीरानं किती म्हातारा झालाय. आम्ही दोन प्रकारच्या वृद्धांचं रक्त घेत होतो. एक, घाटावरच्या वेदपाठी घरांतले. दुसरे, मसणघाटावर आयुष्यभर लाकडं वाहिलेले.

या दुसऱ्यांकडे मी एकटीच जायची. सरांना तिथला धूर सोसत नाही, दम्याची तक्रार आहे. तिथे एक बाबा होते, बुधिराम. खोकत खोकत विचारलं त्यांनी, "बिटिया, खून से का पता चली?" मी म्हटलं, तुम्ही किती म्हातारे झालात ते. गुडघ्यावर थाप मारून हसायला लागले. "ऊ त घुटना बतावत बा!" आडनाव कुणी विचारलं नाही. चहा मात्र गोड, जिभेला चिकटेल असा.

मी प्रत्येकाला विचारत होते, धुरात किती वर्षं काढली? लहानपणी पोटभर जेवण मिळायचं का? झोप लागते का? वेदपाठी घरांतही हेच विचारलं. सर म्हणायचे, विषयांतर होतंय. होऊ दे, म्हटलं.

निकाल आले. लाकडं वाहणाऱ्यांची शरीरं वयाच्या मानानं फार थकलेली. पाठ म्हणणाऱ्यांची तुलनेनं ताजी. सर लॅबमध्ये जवळजवळ नाचले. मी धूर आणि उपासमार हिशोबात धरून पुन्हा गणित केलं, तर दोघांतला फरक जवळजवळ विरघळला. म्हणजे उत्तर समोर होतं. जो धुरात उभा राहिला आणि अर्धपोटी राहिला, तो लवकर झिजला. बी.एस्सी.च्या पोरालाही कळेल.

सरांनी लिहिलेल्या शोधनिबंधाच्या मसुद्यात धूर नव्हता. भूक नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठांतरामुळे आणि सात्त्विक आचारामुळे काही कुळांमध्ये वार्धक्य उशिरा येतं. मी विचारलं, "सर, माझं गणित कुठे गेलं?" "परिशिष्टात बघू," म्हणाले. परिशिष्टातही नव्हतं.

या पेपरवर पहिलं नाव माझं यायचं होतं. रक्त मी गोळा केलं, खुणा मी वाचल्या, गणित मी केलं. आमच्या धंद्यात पहिलं नाव म्हणजे पुढची नोकरी. वयाची अट माझ्या मागे लागली होती, करार संपत आला होता. हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

मग मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान झालं. गर्दी चांगली होती. गुरुजी पुढच्या ओळीत, काकूही होत्या. सर रंगात आले. त्या रासायनिक खुणांना त्यांनी मराठी शब्द दिला, संस्कार. "अक्षरं सगळ्यांची तीच. फरक संस्कारांचा. तुमच्या पूर्वजांनी म्हटलेला पाठ तुमच्या रक्तात उतरलाय, हे आता विज्ञान सांगतंय." टाळ्या. टाळ्या थांबेनात. ज्यांचे पूर्वज प्रेतं जाळण्यासाठी लाकडं ओढत मेले, त्यांच्या रक्तात मग काय उतरलं? कुणी विचारलं नाही. विचारणारं कुणी बोलावलेलंच नव्हतं.

"आणि हे सगळं जिच्या मेहनतीनं झालं," सर म्हणाले, "त्या आमच्या देशमुख मॅडम. उठा, सगळ्यांना दिसू द्या."

मी उठले.

"मी देशमुख नाही," म्हटलं, आणि माझं खरं आडनाव सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं. काकूंनी तोंडावर पदर घेतला. मी थांबले नाही. म्हटलं, "सर सांगतात तो निकाल खोटा आहे. रक्तात पाठ सापडला नाही. धूर सापडला. भूक सापडली. त्याला संस्कार म्हणू नका."

कुणीतरी मागून ओरडलं, "बसा हो खाली!" मी बसले नाही. चपला घातल्या आणि बाहेर पडले. हे धैर्यबिर्य काही नव्हतं, नुसता संताप होता, इतक्या दिवसांचा साठलेला.

दुसऱ्या दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. दार लावलं. "तुझ्यावर संस्कारच नाहीत," म्हणाले. त्याच शब्दानं मला हाणलं. मग आवाज मऊ केला. "हे बघ, झालं गेलं जाऊ दे. पहिलं नाव तुझंच ठेवतो. कराराचंही बघतो. पाठांतराचं ते वाक्य फक्त राहू दे. मान जा."

एक वाक्य. त्या एका वाक्याच्या बदल्यात नोकरी, नाव, आईला पुन्हा पेढे वाटता येतील असं काहीतरी. मला मोह झाला नाही असं कोण म्हणेल? पण बुधिरामबाबांच्या फुप्फुसात धूर होता आणि हा माणूस त्याला कुळाचा कमीपणा म्हणत होता. माझ्या सहीनं. ज्या आडनावाची घरोघरी लाज वाटली, ते इथे बरं चालत होतं.

"नाही," मी म्हटलं.

"या क्षेत्रात तुला कुणी उभं करणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

सरांनी पेपर ज्या नियतकालिकाकडे पाठवलाय, त्याच्या संपादकांना मी लिहिलंय. माझं नाव या पेपरवरून काढा, आणि का काढा तेही वाचा. सोबत माझं गणित जोडलंय. उत्तर आलेलं नाही. करार संपला, लॅबचं ओळखपत्र जमा केलं. पेपर कदाचित छापून येईल, त्यावर सरांचे सत्कारही होतील. होऊ देत. आला की मी त्याच्या विरोधात लिहिणार. पगार नसला तरी लिहिणार. मसणघाटावर परत जाणार, धूर मोजायचं यंत्र कुणाकडून तरी मागून आणणार आणि प्रत्येक माणसाला त्याची भूक विचारणार. यापुढे जो कुणी आमच्या रक्तात कमीपणा शोधून काढेल, त्याचं गणित मी तपासणार आहे.