काकांचा गुण्या टेबलाभोवती फिरला त्याची गोष्ट

मेयरच्या जेवणाच्या टेबलाशी माझ्या शेजारी काका भाड्याचा काळा कोट घालून बसले होते आणि माझ्या पर्समध्ये चाळीस पत्रकं होती. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होते, म्हणजे वर्गापेक्षा जास्त वेळ पत्रकं छापत होते. काका अमेरिकेत, ट्रॉयला आमच्या शेजारी राहायचे. पुण्याहून आलेले टूलमेकर. अकरा वर्षं एकाच मशीन शॉपमध्ये पोलादी साचे, म्हणजे डाय, बनवत होते, नव्या गोऱ्या पोरांना शिकवत होते, आणि तरी टूलमेकरांची संघटना त्यांना 'मास्टर', म्हणजे पक्का कारागीर, मानायला तयार नव्हती. हा सरळ अन्याय होता. पत्रकात मी तसंच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत.

दर ऑक्टोबरात मेयर शहरातल्या गवंडी, सुतार, प्लंबर, बेकर अशा सगळ्या संघटनांच्या प्रमुखांना जेवायला बोलवायचे. तिथली रीत जुनी होती. उमेदवारानं स्वतः बनवलेलं एक हत्यार टेबलाभोवती हातोहात फिरायचं. एखाद्यानं ते आपल्या ताटाशेजारी ठेवून दिलं की नाव बाद, कारण विचारायचं नाही. फिरून मेयरपर्यंत पोचलं की माणूस मास्टर. त्या वर्षी उमेदवार काका होते आणि मी त्यांच्यासोबत आलेली पाहुणी.

"कुणी खाली ठेवलं तर मी उठून बोलणार, काका."

"तू ते चिकन बाजूला कर आणि बटाटा खा. बोलायचं ते गुण्या बोलेल."

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं पोलादी हत्यार. काकांनी तो पुण्यात शिकाऊ असताना कानशीनं घासून केलेला. गवंड्यांच्या प्रमुखानं तो उजेडात धरला, मान हलवली, पुढे दिला. सुतारानंही. मग तो टूलमेकरांच्या म्हाताऱ्या प्रमुखाकडे आला आणि थांबला. आतल्या कोपऱ्यात लालसर डाग होता.

"गंज," तो म्हणाला. त्याचा हात ताटाकडे वळला.

परवाच दसरा झाला होता. काकूंनी सांगितलं म्हणून, देवबीव न मानणाऱ्या मीच त्या गुण्याला कुंकू लावलं होतं. काकांनी पुसलं, पण कोपऱ्यातलं राहिलं.

मी उठले. अन्यायावरचं पाठ केलेलं भाषण तिथे काही कामाचं नव्हतं.

"तो गंज नाही. अंगठ्यानं पुसून बघा."

त्यानं पुसलं. खाली लखलखीत पोलाद. त्यानं लाल अंगठ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्याराला सुट्टी असते," काका म्हणाले. "त्या दिवशी आम्ही त्याच्या पाया पडतो."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस ते आम्हाला राबवतं."

बेकर मोठ्यानं हसला. म्हातारा हसला नाही. त्यानं खिशातून स्वतःचा छोटा गुण्या काढला, काकांच्या गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात बसवला आणि दोन्ही मेणबत्तीसमोर धरले. फटीतून उजेड आला नाही. बराच वेळ बघून त्यानं काकांचा गुण्या पुढे दिला.

तो मेयरपर्यंत पोचला. मेयरनी काकांचं नाव चुकीचं उच्चारलं. काका तरी उभे राहिले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "आता ती पत्रकं टाकून दे."

मी टाकली नाहीत. काकांचं नाव खोडलं आणि सकाळी शॉपच्या गेटवर वाटली. आत अजून दोघं मास्टर व्हायचे थांबले होते, एक नऊ वर्षं आणि एक सात.