जावयाच्या मित्राचं हौशी ड्रोन

या पृथ्वीवर कुणी कुणाला काही फुकट देत नाही, आणि दिलंच तर त्यामागे सरकार असतं, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या जावयाचा मित्र. अकोल्याकडचा, जर्मनीत र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कामात इंजिनिअर, एकटा राहणारा. मी तिथे लेकीकडे राहायला आले तेव्हापासून दर रविवारी तो जेवायला यायचा. "जय भीम मावशी" म्हणायचा आणि बसण्याआधी खिडकीतून खाली बघून घ्यायचा. समोरची म्हातारी पडद्याआडून आपल्यावर लक्ष ठेवते, असं त्याचं म्हणणं. ती ठेवायचीच. मीही तिच्यावर ठेवायचे. दिवस कसा घालवायचा मग? आपल्या घराच्या दारावरच्या पाटीवर त्याने स्वतःचं नाव अर्धंच लिहिलं होतं. त्यामुळे त्याची पत्रं शेजाऱ्याकडे जायची, आणि शेजारी ती उजेडात धरून वाचतो असा त्याचा संशय. फोन यायचा तो कायम स्पीकरवर लावायचा, कारण बोलण्याला साक्षीदार हवा. साक्षीदार म्हणजे मी, पोळ्या लाटत असलेली.

अशा माणसाने ड्रोन घ्यावं, हेच मुळात नवल. पण घेतलं. चार पंख्यांचं, भुणभुण करणारं, पोटाखाली कॅमेरा. विमा काढला, विमानतळापासून लांब दक्षिणेकडच्या शेतांत जायचा, शेतकऱ्याला विचारायचा आणि उडवायचा. मी एकदा बरोबर गेले होते. वरून शेतं गोधडीसारखी दिसतात, हे खरं. व्हिडिओ तो इंटरनेटवर टाकायचा, कुणीही बघावेत म्हणून. आणि तिथेच त्याच्या डोक्यात किडा शिरला.

त्या वेळी तिथे नियम असा होता की हौसेने उडवलं तर परवाना लागत नाही, धंद्यासाठी उडवलं तर आधी परवाना, म्हणजे एरलाउबनिस काढावी लागते. आता हौसेने काढलेला व्हिडिओ जगाला दाखवला, तर ती हौस राहिली की धंदा झाला? जावई म्हणाला, पैसे घेत नाहीस ना, मग हौस. ड्रोनवाल्यांच्या क्लबातला एक जर्मन म्हणाला, व्हिडिओवर जाहिराती लावल्यास तर धंदा. परवान्याच्या ऑफिसातल्या बाईने फोनवर सांगितलं की ते कशावर कशावर अवलंबून आहे. गेनाऊ, म्हणजे बरोब्बर, म्हणाला हा, त्यांना मला अडकवायचंय. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे मलाही कळत होतं. कायमचं राहायला मिळावं म्हणून त्याने तेव्हाच अर्ज केला होता. बेकायदा उड्डाण केलं असं कुठे नोंदलं गेलं तर सगळं गेलं, घरी परत, हातात एक ड्रोन. आठ वर्षं त्याने लाल सिग्नलला रिकामा रस्ताही ओलांडला नव्हता.

त्यात एका शेतकऱ्याला आपल्या शेताचा व्हिडिओ आवडला. त्याने याला श्पार्गेलची जुडी दिली. ती तिकडची पांढरी शतावरी, उन्हाळ्याच्या तोंडाला सगळे वेड्यासारखी खातात. याने ती घरी आणली, मी सोलली, मोहरीच्या फोडणीत टाकली. तेवढ्यात याचा चेहरा उतरला. "मावशी, हा मोबदला झाला." मी म्हटलं, ही भाजी झाली, ताट घे. ऐकेना. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या टपरीवरून तेवढीच श्पार्गेल विकत घेतली आणि त्या शेतकऱ्याला नेऊन दिली. ज्याच्या दारात एकरभर श्पार्गेल उभी, त्याला श्पार्गेल. तो शेतकरी तेव्हापासून याच्याकडे संशयाने बघायला लागला. बरं झालं, दोघं एका पातळीवर आले.

मग एका रविवारी तो आला तोच लॅपटॉप घेऊन. त्यावर दिसतं म्हणे, व्हिडिओ कुठून बघतात, कधी बघतात. त्याचे व्हिडिओ फारसं कुणी बघत नसे. पण भारतातून कुणीतरी रोज दुपारी बघत होतं, आणि नुसता शेवटचा तुकडा, पुन्हा पुन्हा. शेवटी ड्रोन खाली उतरतं तेव्हा तो स्वतः दिसायचा, मान वर करून हात पुढे केलेला. "माझी ओळख पटवतायत," तो म्हणाला. जावई म्हणाला, अरे, तुझ्या टकलात कुणाला एवढा रस असणार? पण त्याने आमच्या टेबलाशी बसून सगळे व्हिडिओ काढून टाकले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी तो आमच्याकडे असताना फोन आला. गावाहून, त्याची आई. नेहमीप्रमाणे स्पीकरवर. तुझं ते उडतं चित्र दिसत नाही, बरा आहेस ना, असं विचारत होती. याने तिला व्हिडिओचं कधी सांगितलंच नव्हतं, गावभर होईल म्हणून. शेजारच्या पोरीने शोधून लावून दिलं होतं. फोनवर हा तोंड दाखवत नसे, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली, त्यामुळे म्हातारीने कितीतरी महिन्यांत पोरगा पाहिला होता तो एवढाच, वर बघणारा.

मग संशय तो संशयच, विचारतो कसा, "पण माय, ते पाहून तुले फायदा काय?"

"फायदा काय बाप्पा. तू वाळला का भरला, तेवढं समजते मले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, टाक परत. अर्जाचं काय होईल ते होईल. त्याने हळूच चिकटपट्टी काढली असेल असं तुम्हाला वाटेल, तर तसं नाही, ती तशीच राहिली. पण व्हिडिओ त्याने त्याच टेबलावर सगळे परत चढवले.

काही झालं नाही. कायमचं राहणं मिळालं, पुढे नियमही बदलले, तो नोकरीसाठी म्युनिकला गेला. त्याची आई नंतरच्या थंडीत वारली. व्हिडिओ तो अजून टाकतो, लेक मला लावून देते. ड्रोन उतरतं, पंखे थांबतात, तरी हा आपला वर तोंड करून बराच वेळ उभा. मी नीट बघते. वाळला-बिळला काही नाही, चांगलं पोट सुटलंय. पण आता हे कळवायचं कुणाला.