पोटातलं पाणी

भट्टीला आतून फवारून अस्तर मारणाऱ्या त्या माणसाला सगळा कारखाना 'हेकट मामा' म्हणायचा, आणि मामांना ते नाव मनापासून आवडायचं. नळीतून कोरडा मसाला सुसाट यायचा, तोंडाशी त्यात पाणी मिसळायचं, आणि पाणी किती हे मामांचा डावा अंगठा ठरवायचा. जास्त झालं की अस्तर ओघळतं. कमी झालं की निम्मा मसाला भिंतीवरून उसळून फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतो. तीस वर्षांत मामांनी तो इतका खाल्ला होता, की बायको म्हणायची, ह्यांना उन्हात वाळवलं तर वीट होईल.

त्या दिवशी दुपारी अस्तर मारून झालं. ते चोवीस तास तसंच ठेवायचं, मग हळूहळू तापवायचं. पण नव्या साहेबांना पोलादाची घाई होती. त्यांनी भिंतीला हात लावला, कोरडी लागली, आणि बर्नर पेटवायला सांगून मोकळे झाले. मामांनी परोपरीनं समजावलं, की वरून कोरडी असली तरी हिच्या पोटात पाणी आहे. एकदम आग लावली तर वाफ भिंत फोडून बाहेर येईल आणि दारातल्या माणसाला भाजेल. साहेबांच्या पोटातलं पाणीही हललं नाही.

दारात उभं राहून बर्नर पेटवणार होता मामांचा जावई. नोकरी नवी, बायको बाळंतपणाला माहेरी आलेली. तो मान खाली घालून तयारीला लागला. मामांनी आपला डबा उचलला, वाकून भट्टीत शिरले, बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि निवांत जेवायला लागले.

"जावयासाठी चाललंय ना हे नाटक?" साहेबांनी दारातून विचारलं.

"दारात तुम्ही उभे राहणार असता, तरी मी इथेच बसलो असतो."

साहेब म्हणाले, उठा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका.

"नाही येणार. पण उद्यापर्यंत इथून उठणारही नाही."

साहेब तणतणत गेले. जावयानं बर्नरची नळी सोडवली, नीट गुंडाळली आणि भट्टीच्या दाराशी येऊन बसला.

"जावईबापू, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे, मामा. सासऱ्याला भाजून घरी काय तोंड दाखवू?"

भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारीच पेटली. अस्तराचा टवकाही उडाला नाही. तोवर दोघंही फाटकाबाहेर होते, आणि मामांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं.