बाहीचा आवाज

फुंकरचाचांचा श्वास कधी कोणाला ऐकू आला नाही. आमच्या धंद्यात ही साधी गोष्ट नव्हे. सेटवर 'सायलेन्स' पुकारलं की साउंडवाल्याच्या हेडफोनमध्ये एकेकाचे श्वास येतात. कोणाला सर्दी झालीय, कोण आत्ताच सिगारेट ओढून आलाय, त्याला न बघता कळतं. चाचा मात्र त्याला कधी सापडले नाहीत. "मॅडम, ये आदमी है भी कि नहीं?" तो मला हळूच विचारायचा, आणि चाचा नेमके आमच्या पाठीमागे उभे असायचे.

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. लहानपणी बुड्या मारून तळाचे शिंपले काढायचे. दुबईत येऊन आधी एसी दुरुस्त केले, मग आमच्या डॉक्युमेंटरीच्या कंपनीत सेटवरचं सामान सांभाळायला लागले. चहा कितीही उकळता असो, त्यांनी कपावर एक फुंकर मारली की तो पिण्याजोगा व्हायचा. त्यावरूनच हे नाव पडलं. एकदा मी लेकीला सेटवर घेऊन आले होते. ती पार्किंगमध्ये पडली आणि गुडघा सोलला. चाचांनी वाकून फुंकर घातली. दुबईतल्या जबल अलीचा ऑगस्ट, डांबर मऊ झालेलं, आणि ही म्हणते, "आई, इट्स सो कोल्ड!" तिला नाटकं करायची सवय आहे, म्हणून मी हात लावून पाहिला. गुडघा खरंच गार होता.

तेव्हा आम्ही शाओलिनच्या कुंग फूवर फिल्म करत होतो. तिचे नायक म्हणजे दुबईत मुलांना शिकवणारे एक वयस्कर चिनी गुरुजी. त्यांना सगळे 'शीफू' म्हणायचे. जबल अलीतल्या एका वेअरहाउसमध्ये प्लायवूडची देवळाची भिंत उभारली होती. शॉट असा : शीफूंनी मेणबत्तीपासून चार फुटांवर उभं राहून हवेत ठोसा मारायचा आणि नुसत्या वाऱ्यानं ज्योत विझायची. मी कॅमेऱ्यावर होते. सेकंदाला हजार फ्रेम घेत होते, म्हणजे पापणी लवायचा वेळही निवांत बघता यावा. ज्योत हलू नये म्हणून एसी बंद. आम्ही सगळे उकडून निघत होतो.

दोन दिवस ज्योत जागची हलली नाही. तरुणपणी शीफूंना हे सहज जमायचं म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपल्या मुलीशी चिनीत काहीतरी बोलले आणि तिनं आम्हाला सांगितलं, "बाबा म्हणतात, उद्याही नाही विझली तर शिकवणं बंद. खलास." चाचा टेबलावरचं मेण खरवडत होते. त्यांचा हात थांबला.

तिसऱ्या दिवशी पहिल्याच ठोशाला ज्योत विझली. टाळ्या पडल्या. शीफूंचा चेहरा पाहून मला रडूच आलं.

मग मी तो शॉट सावकाश चालवून पाहिला. ठोशाच्या वाऱ्यानं ज्योत मुठीपासून मागे जायला हवी. ती मुठीकडे झुकली होती.

टेबल डगमगतं म्हणून ते धरायला चाचा त्या दिवशी टेबलाखाली बसले होते, आणि टेबलावरची चादर जमिनीपर्यंत होती. मी सगळे जेवायला गेल्यावर ती उचलली. एसीच्या तांब्याच्या नळीची फुंकणी, दुसरं टोक मेणबत्तीच्या मागे पितळी भांड्यात लपवलेलं. घरी चुलीपुढे आईच्या हातात असायची तशीच, फक्त वाकवलेली.

"चाचा, ही लबाडी आहे."

"लबाडी कशी गो बाय? विझवायला फुंकर मारतात. मी फुंकर घालतो. त्या म्हाताऱ्याला आत कुठेतरी लागलंय."

"पण खालून तुम्हाला वेळ कशी कळते?"

"त्यांच्या अंगरख्याची बाही. आधी बाही वाजते, मग मूठ येते. बाही वाजली की सोडायची."

मी कोणाला सांगितलं नाही. डायरेक्टरला शॉट खरा वाटत होता, शीफूंनाही. मला आजवर कधी इतकं सुंदर खोटं जपायला मिळालं नव्हतं.

आठवड्यानं तोच शॉट जवळून घ्यायचा होता. चाचा आलेच नाहीत. फोन लागेना. चादरीखाली नुसती फुंकणी पडलेली. मी दोनदा कॅमेरा बिघडल्याची थाप मारली, पण तिसऱ्यांदा डायरेक्टर ओरडला, "यल्ला, शूट!" शीफू माझ्याकडे बघून हसले. मी कॅमेरा चालू केला. बाही वाजली, मूठ आली आणि ज्योत विझली.

चला, म्हाताऱ्याला शेवटी जमलं, असं वाटून मी शॉट सावकाश पाहिला. ज्योत मुठीकडे झुकली होती. चादर पुन्हा उचलली. फुंकणी होती तिथेच होती.

दुपारी चाचांचा फोन आला, हॉस्पिटलमधून. पहाटे छातीत दुखलं होतं.

"झाला का गो शॉट?"

"झाला. चाचा, तुम्ही कुठे होतात?"

"खाटेवर. तोंडावर मास्क. डोळा लागत होता, तेवढ्यात बाही वाजली. सवयीनं मास्क काढून फुंकर सोडली. नर्स केवढी ओरडली! दहा वाजून गेले असतील तेव्हा."

क्लिपवर वेळ होती दहा वाजून बारा मिनिटं.

"शीफूंना सांगू नको," ते म्हणाले. "ज्योत आपणच विझवली असं त्यांना वाटू दे."

चाचा गावी गेले आणि चार महिन्यांत वारले. शीफू अजून शिकवतात. मला चाचांची इतकी आठवण येते की चहा गार होईपर्यंत मी हल्ली त्याच्याकडे नुसती बघत बसते.

परवा सिलिकॉन ओएसिसच्या आमच्या घरी लेकीचा सातवा वाढदिवस होता. केकवर सात मेणबत्त्या लावल्या. जुन्या सवयीनं मी एसी बंद केला. एक मेणबत्ती कलली होती, ती सरळ करायला हात पुढे केला. नवाकोरा रेशमी कुर्ता होता, त्याची बाही वाजली. सातही ज्योती माझ्या हाताकडे झुकल्या आणि विझल्या.

"आई, आय डिडन्ट ब्लो!" लेक रडवेली झाली. मग तिनं स्वतःचा गुडघा चाचपला.

मी मेणबत्त्या पुन्हा लावल्या, पण आधी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. वाढदिवस तिचा होता, फुंकर तिचीच हवी. पाहुणे गेल्यावर मात्र मी एक मेणबत्ती लावली, एसी बंद केला आणि उजवी बाही खाली सोडली.