मामाच्या अंगणातला अक्रोड

सर्बियातल्या निशच्या टेकड्यांवर मे महिना उतरला की नजर पोहोचेल तिथवर हिरवं असतं. झोरित्सा मिल्युतिनोविचला मात्र त्या सकाळी ते हिरवं दिसलंच नाही. अर्धं आयुष्य तिने मोबाइलचे मनोरे उभे केले, वाऱ्यात दोराला लटकून अँटेना बांधल्या. कंपनीला टाळं लागलं, तेव्हा ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या कॉलेजात वर्षभराच्या बोलीवर शिकवायला आली. ते वर्ष आता सरत आलं होतं. नोकरी कायम व्हायची तर आज वर्गात, मुलांसमोर, तिघा प्राध्यापकांना व्याख्यान पटायला हवं होतं.

नुसती गणितं मांडायची नाहीत, हे तिने ठरवलं होतं. समोरच्या टेकडीवर तिच्या मामाचं, चेडोमिरचं घर. त्याच्या अंगणातलं चित्र बिनतारी वाटेनं थेट वर्गाच्या भिंतीवर आणायचं. कॅमेरा आणि अँटेना एकाच पेटीत, बॅटरीवर चालणारी. मार्चात ती पेटी मामाच्या ओट्यावर ठेवून बघितली होती. कोंबड्यांची पिसंही ओळखू यावीत इतकं स्वच्छ चित्र आलं होतं.

आज भिंत काळीच राहिली.

तिने तारा हलवल्या, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. तिघांत वयानं मोठे असलेले स्तोयादिनोविच सर चष्मा पुसत म्हणाले, "झोरित्साबाई, मामा झोपले की काय?"

मुलं हसली. तीही कसनुसं हसली आणि खिडकीशी गेली. बाहेर लिंडनची झाडं पानांनी गच्च भरलेली. तिने फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मामा, ओट्यासमोरच्या अक्रोडाला पालवी आलीय का?"

"मे महिन्यात विचारतेस? काय शिकवतेस गं तिथे?"

"पेटी उचल आणि झाडापलीकडे बांधावर जा."

"कोबीवर पाय पडला तर मामीला तू सांगशील?"

"सांगेन. जा आता."

मामा वाटेत असताना ती फळ्याकडे वळली.

"चूक माझी आहे. मार्चात झाड उघडं होतं. पानात पाणी असतं, आणि पाणी बिनतारी लहर पिऊन टाकतं. हिवाळ्यात जोडणी करायची तर आम्ही आधी भोवतालची झाडं बघायचो. इथे मामाचं घर म्हणून मी बघितलंच नाही."

तिने फळ्यावर झाड काढलं आणि त्याने किती सिग्नल खाल्ला असेल त्याचा हिशेब मांडायला घेतला. हिशेब निम्म्यावर आला आणि भिंतीवर ठिपके उठले. मग मामाचा घामेजलेला चेहरा आणि मागे मोकळं आभाळ.

स्तोयादिनोविच सरांनी एकच विचारलं, "हिवाळ्यात पानं गळाल्यावर?"

"सिग्नल परत येतो, सर. गिऱ्हाईक येत नाही."

या वेळी तिघेही हसले. बाहेर जाऊन त्यांनी कॉफी घेतली आणि ते परतले. "सप्टेंबरचं वेळापत्रक तुमच्यासकट लावतोय," सर म्हणाले.

झोरित्सा पहिल्याच बाकावर टेकली.

फोन अजून चालूच होता. "अगं, मी उभाच आहे," मामा म्हणाला.

"बस, मामा. आता निवांत बस."